गुळणीचा वर्ग

पहिल्या शनिवारी मास्तर तिथे गेले ते शिकवायला म्हणून. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, चष्म्याच्या काचा पुसून लख्ख. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत खुर्च्या गोल मांडून ठेवल्या होत्या. मास्तरांना ती मांडणी मुळीच पटली नाही. त्यांनी त्यातली एक खुर्ची उचलली, फळ्याशेजारी नेऊन ठेवली आणि सगळ्यांकडे तोंड करून बसले. ज्याची उभी हयात लोकांना गाडी शिकवण्यात गेली, त्याला कुठल्याही खोलीत आपली जागा कोणती हे विचारावं लागत नाही.

वर्ग घेणाऱ्या ताई जरा उशिरा आल्या. सडपातळ बाई, खांद्याला कापडी पिशवी, हातात पाण्याचा मोठा जग.

"मास्तर ना तुम्ही? तुमच्या मिसेसनी नाव नोंदवलंय. खुर्ची इकडे घ्या ना, गोलात."

"मी कुठला विषय घ्यायचा आहे?"

"तुम्ही काहीच घ्यायचं नाही," ताई हसून म्हणाल्या, "इथे आपण ऐकायला शिकतो."

खाली दारावर तशी पाटी होती. मोठ्यांसाठी कार्यशाळा, असं वर लिहिलेलं आणि त्याखाली सोमवारी संगणक, बुधवारी शिवणकाम, शनिवारी ऐकण्याचा वर्ग. मास्तरांनी फक्त पहिली ओळ वाचली होती. ऐकायची गोष्ट असो की वाचायची, अर्ध्यावर सोडून पुढचं आपणच समजून घ्यायचं, ही त्यांची जुनी खोड होती.

घरी येऊन त्यांनी चपला काढायच्या आधीच सुरुवात केली. "अगं, तू मला फसवलंस!"

बायको कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. ती म्हणाली, "वाचनालयात तुमची गरज आहे, एवढंच म्हटलं होतं मी. ऐकायचा क्लास लावलाय म्हटलं असतं तर गेला असतात?"

"मला ऐकायला येत नाही? माझे कान अजून ठणठणीत आहेत!"

"कान ठणठणीत आहेत हो. त्यांचा उपयोग कुठे करता?" तिने हातातली चादर खाली ठेवली. "पुढच्या महिन्यात चिऊ येतेय. तिला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. स्वतः, तोंडाने."

मास्तरांची एक चप्पल पायात तशीच राहिली. "काय सांगायचंय?"

"ते तीच सांगेल."

"तुला माहितीय?"

"माहितीय. म्हणूनच क्लास लावलाय तुमचा."

चिऊ म्हणजे मास्तरांची एकुलती एक लेक. चांगली नोकरी करणारी, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. ती दीडेक वर्ष बापाशी धड बोलली नव्हती. फोन आईला यायचा. मास्तर मुद्दाम त्याच खोलीत वर्तमानपत्र धरून बसायचे. फोन संपला की बायको म्हणायची, "तुम्हाला विचारलंय हं." तिने विचारलेलं नसायचं, हे मास्तरांनाही ठाऊक होतं आणि बायकोलाही.

झालं होतं ते असं. मास्तरांच्या शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा मास्तरांच्या. शिकणारा गोंधळला की मास्तरांनी आपला ब्रेक दाबायचा, गाडी जागच्या जागी उभी. या दुसऱ्या ब्रेकने किती माणसं, कुत्री आणि कुंपणं वाचली असतील त्याला हिशेब नाही. पण त्या पायाला इतकी सवय लागली होती की मास्तर दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसले तरी पाय दाबायचे, बसमध्ये बसले तरी दाबायचे. घरी जेवायच्या टेबलाखाली त्यांच्या उजव्या पायाखालची चटई झिजून तिला भोक पडलं होतं. बायको म्हणायची, "मी बोलायला लागले की टेबलाखालून दाबतात, माहितीय मला."

तर त्या दिवशी चिऊ माहेरी येणार म्हणून मास्तर तिला आणायला बसस्टँडवर गेले होते. तिची बॅग त्यांनीच डिकीत टाकली. "मी चालवते बाबा," ती म्हणाली. तिलाही त्यांनीच शिकवलं होतं, हात चांगला होता तिचा. वाटेत मोठा चौक लागतो. चौकात शिरता शिरता ती म्हणाली, "बाबा, मला ना त्या घरात आता..." आणि मास्तरांचा पाय खाली गेला.

गाडी चौकाच्या तोंडाशी उभी. मागून हॉर्नचा नुसता गदारोळ. चिऊ बापाकडे बघतच राहिली. "बाबा, रस्ता मोकळा होता."

"आधी चौक पार कर," मास्तर म्हणाले, "रडगाणं मग. गाडी चालवताना लक्ष गाडीत हवं."

तिने हँडब्रेक ओढला, किल्ली तशीच ठेवली आणि उतरून चालू लागली. घराच्या दिशेने नाही, बसस्टँडच्या दिशेने. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर चौकात गाडी सोडून जायचं म्हणजे काय! घरी आल्यावर त्यांनी "तुझी लेक" असा उल्लेख करून बायकोला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी डिकीत बॅग दिसली. राग असला तरी बाप होता, लेकीची अडचण होईल म्हणून ते स्वतः इतक्या लांब गाडी घेऊन गेले आणि जावयाच्या हातात बॅग देऊन आले. दोन दिवसांच्या मुक्कामाला एवढी जड बॅग कशाला लागते, असं मनात येऊन गेलं. पण विचारणार कुणाला? तेव्हापासून त्यांचा आणि लेकीचा अबोला होता.

आता मास्तर काही दुष्ट माणूस नव्हते. लेकीवर त्यांचा जीव होता. ती लहान असताना तिच्या सायकलच्या मागे ते गल्लीभर पळाले होते आणि पडू दिलं नव्हतं. तिला कधी पडूच दिलं नव्हतं, याचा त्यांना केवढा अभिमान. आणि आता तिला काही सांगायचं होतं, आणि आपण तिला पुन्हा वाक्यात अडवलं तर ती कायमची उठून जाईल, ही भीती त्यांना वाटायला लागली. ते कुणाजवळ बोलले नाहीत. पण पुढच्या शनिवारी वाचनालयात पोहोचले ते सगळ्यांच्या आधी.

वर्गातल्या ताईंची रीत अशी. जोड्या करायच्या. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. ऐकणाऱ्याने पाण्याचा एक घोट तोंडात घ्यायचा आणि समोरचा बोलतोय तोवर तो गिळायचा नाही. समोरचा थांबला की घोट गिळून एकच शब्द बोलायला परवानगी. "आणि?" एवढाच. मग पुन्हा घोट. सल्ला द्यायचा नाही, आपला अनुभव सांगायचा नाही, धीर द्यायचा नाही.

"आणि आपली चूक असेल तर?" मास्तरांनी विचारलं.

"तरी थांबायचं," ताई म्हणाल्या. "माफीसुद्धा घाईने मागू नका. माणसाला सांगायचं असतं खूप आणि आपण चुकलो चुकलो म्हटलं की त्याला उलट आपलीच समजूत काढत बसावं लागतं. त्याचं होऊ दे. मग मागा."

मिठाची गुळणी धरून बसणं आपण बोलण्यात वापरतो, इथे लोक खरोखरच गुळणी धरून बसलेले. फक्त मीठ तेवढं नव्हतं. वर्गाचं नावच गुळणीचा वर्ग पडलं. मास्तरांच्या जोडीला आले दातांचे डॉक्टर. या गृहस्थांनी आयुष्यभर लोकांच्या तोंडात हत्यारं घालून त्यांना प्रश्न विचारले होते, त्यामुळे उत्तर ऐकायची सवय त्यांना कुठून असणार? त्यांच्या बायकोनेच त्यांना इथे धाडलं होतं. दिवसभर दुसऱ्यांना चूळ भरायला सांगणारा माणूस स्वतः गाल फुगवून बसला की समोरच्या बेकरीवाल्या काकूंना हसू आवरायचं नाही. काकूंचं पाणी नाकातून यायचं. त्यांना सून आल्यापासून घरात कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं म्हणून त्या आल्या होत्या, आणि सुनेलाही बुधवारच्या शिवणाला घालून मोकळ्या झाल्या होत्या.

पहिल्या खेपेला मास्तर सपशेल नापास झाले. डॉक्टरांनी सांगायला सुरुवात केली की मुलगा दवाखाना चालवायला नाही म्हणतो. मास्तरांनी घोट घटकन गिळला आणि म्हणाले, "चालवेल की! सहा महिने दम धरा!" ताईंनी जग पुढे केला. दुसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "त्याला चित्रं काढायचीत." मास्तरांनी पुन्हा गिळलं. "चित्रं काढून पोट भरतं का?" ताईंनी पुन्हा जग पुढे केला. त्या दिवशी मास्तर इतकं पाणी प्यायले की घरी येईपर्यंत त्यांना दोनदा वाट वाकडी करावी लागली.

पण हट्टी माणूस होता तो. शिकवणारा माणूस शिकायला बसला की एक तर लवकर पळून जातो, नाहीतर हात धुऊन मागे लागतो. मास्तर मागे लागले. सकाळी चहाच्या आधी एक घोट तोंडात धरून बायकोसमोर बसायचे आणि हाताने खूण करायचे, बोल. बायको म्हणायची, "एवढ्या वर्षांचं साठलंय, कुठून सुरू करू?" मग ती भाजीवाल्याबद्दल बोलायची, गुडघ्याबद्दल बोलायची, आणि एके दिवशी तिच्या आईच्या शेवटच्या आजारपणाबद्दल बोलली. तिला तेव्हा माहेरी जाऊन राहायचं होतं आणि मास्तरांनी गाडी शिकायला येणाऱ्यांचा हंगाम आहे म्हणून नको म्हटलं होतं. तिला ते किती लागलं होतं, हे त्यांना कधी ठाऊकच नव्हतं. खरं तर तिने तेव्हा सांगितलं होतं, यांच्या कानावरून गेलं होतं. त्यांनी घोट गिळला आणि हळूच म्हणाले, "आणि?" बायकोने डोळ्यांना पदर लावला आणि चहा टाकायला उठली. मास्तरांना त्या दिवशी चहाची चव लागली नाही.

वर्गात आता त्यांचं तोंड बंद राहायला लागलं. तरी काहीतरी खटकत होतं. एकदा डॉक्टर मुलाबद्दल मनापासून बोलत होते आणि मधेच थांबले.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

"ही खुर्ची करकरतेय हो," डॉक्टर म्हणाले. "मी एक वाक्य बोललो की करकर. मला वाटतं, चुकलं की काय माझं."

ताईंनी खाली वाकून पाहिलं. "मास्तर, तोंड बंद आहे तुमचं, पण पाय बोलतोय."

मास्तरांनी खाली बघितलं. उजवा पाय फरशीवर दाबून बसलेला, टाच वर, घोटा ताठ. त्यांना पत्ताही नव्हता. ते ओशाळले. चटईचं भोक आठवलं, चौक आठवला, आणि आपण किती जणांची किती वाक्यं अशी जागच्या जागी उभी केली असतील, या विचाराने त्यांनी पाय झटकन खुर्चीखाली ओढून घेतला.

"मांडी घालून बसा की खुर्चीवर," बेकरीवाल्या काकू म्हणाल्या. "पायच खाली नको. आमचे हे झोपेत लाथा मारायचे, मी चादर गादीखाली खोचून टाकायची."

सगळे हसले. मास्तरांनी खरंच बूट काढले आणि खुर्चीवर मांडी घातली. गुडघ्याने कुरकुर केली. डॉक्टर पुन्हा बोलायला लागले, आणि या वेळी न थांबता बोलले, अगदी मुलाने काढलेलं आपलं चित्र आपण कधी नीट पाहिलंच नाही इथपर्यंत. बोलून झाल्यावर त्यांनी मास्तरांचा हात धरला. मास्तरांना बोलायची मुभा नव्हती, त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

आणि मग तो रविवार आला.

चिऊ आली ती एका छोट्या पिशवीनिशी. मास्तर तिला आणायला जातो म्हणत होते, पण ती रिक्षानेच आली. बारीक झाली होती. केस कापले होते. बापाला तिने "कसे आहात?" एवढं विचारलं आणि स्वयंपाकघरात आईजवळ गेली. जेवणं झाली, इकडचं तिकडचं झालं, आणि आई मुद्दाम भांडी आवरायला उठली. टेबलाशी बाप आणि लेक दोघंच उरले.

"बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय."

मास्तर खुर्चीत सावरून बसले. त्यांनी मान डोलावली. आणि जे शिकले होते ते केलं. समोरचा पेला उचलला, घोट घेतला आणि तोंड मिटून लेकीकडे बघत बसले.

चिऊ थांबली. "बोलू ना?"

मास्तरांनी जोरात मान हलवली.

"बाबा?"

मास्तरांनी डोळे मोठे केले, हाताने खूण केली, भुवया उंचावल्या. चिऊचा चेहरा उतरत गेला. लहानपणी काही चुकलं की बाबा असेच तोंड मिटून बसायचे आणि तिने रडून माफी मागेपर्यंत बोलायचे नाहीत. तिला तेच दिसलं.

"अजून तुमचा अबोलाच आहे," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, यावेळी तरी..." आणि तिने खुर्ची मागे सरकवली.

मास्तरांना एकदम सगळं सांगायचं होतं आणि तोंडात पाणी होतं. त्यांनी ते गिळलं ते नेमकं भलत्या नळीत गेलं. ठसका लागला, पाण्याचा फवारा टेबलावर, चष्म्यावर, लेकीच्या बाहीवर. आई धावत आली आणि त्यांच्या पाठीवर थापट्या मारू लागली.

"अगं, अबोला नाही गं तो! क्लास लावलाय त्यांनी. ऐकायचा. तोंडात पाणी धरून बसायचं असतं त्यात."

चिऊला क्षणभर हसू आलं. ते फार टिकलं नाही.

"माझं ऐकायला तुम्हाला क्लास लावावा लागला, बाबा?"

मास्तर खोकत होते. चिऊ बाही पुसत उभी राहिली. "आई, मी निघते. चारची बस मिळेल. नंतर कधीतरी बोलू." हे "कधीतरी" म्हणजे काय हे त्या घरात सगळ्यांना कळत होतं.

आईने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, नुसती विनवणी होती. मास्तर उठले, खुंटीवरून गाडीची किल्ली काढली आणि लेकीसमोर टेबलावर ठेवली.

"मला स्टँडवर सोडायची गरज नाही," चिऊ म्हणाली.

"मी सोडत नाहीये," मास्तरांचा आवाज घोगरा झाला होता. "तू चालव. मी नुसता बसतो."

"त्याच गाडीत? दोन ब्रेकवाल्या?"

"दुसरी कुठेय माझ्याकडे?"

चिऊने किल्लीकडे बघितलं. मग तिने ती उचलली.

गाडीत बसल्यावर मास्तरांनी आधी बूट काढले. मग सीट मागे सरकवली, पण ती शिकवायची गाडी, सरकून सरकून किती सरकणार? त्यांनी एक पाय उचलून घेतला, मग दुसरा, दोन्ही हातांनी ओढून कशीबशी मांडी घातली. एक गुडघा दारावर टेकला, दुसरा गिअरच्या दांड्याला लागायला लागला.

"बाबा, हे काय?"

"तू चालव."

"पाय दुखेल तुमचा."

"दुखू दे," मास्तर म्हणाले. "चालव तू."

चिऊने गाडी काढली. गल्लीच्या तोंडाशी एक सायकलवाली बाई टोपली सांभाळत आडवी आली. मास्तरांच्या मांडीतला पाय नुसता फडफडला, पण त्याला खाली जायला वाटच नव्हती. चिऊने तिचा ब्रेक दाबला. गाडी थांबली, बाई गेली, गाडी पुन्हा निघाली. एवढंच झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी लेकीला स्वतःची गाडी स्वतः थांबवताना पाहिलं, आणि तिला ते किती चांगलं येतं हेही पाहिलं. ते सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

वाण्याचं दुकान गेलं, शाळा गेली, वाचनालय गेलं. चिऊ रस्त्याकडे बघूनच बोलायला लागली.

"महिना झाला, मी मैत्रिणीकडे राहतेय, बाबा. तिकडे परत जाणार नाहीये. सोडलंय मी ते घर."

मास्तरांच्या तोंडाशी एकदम दहा गोष्टी आल्या. जावई तर चांगला वाटला होता. लोक काय म्हणतील. काही मार्ग काढू. वकील ओळखीचा आहे. तोंडात आता पाण्याचा थेंब नव्हता, तरी त्यांनी गाल आतून दाताखाली धरला.

"मारलं बिरलं नाही हो त्याने," ती म्हणाली. "लोकांना तेच हवं असतं, मारलं का. मी बोलायला लागले की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. काहीही बोलू दे. आज भाजी काय करू, मला ताप आलाय, काहीही. रिमोट उचलायचा आणि आवाज वाढवायचा, माझ्याकडे न बघता. मी गप्प झाले की कमी करायचा. शेवटी शेवटी मी घरात बोलायचंच सोडलं. ऑफिसात कुणी हाक मारली तरी दचकायचे."

चौक आला. सिग्नल लाल होता. चिऊने गाडी उभी केली.

"त्या दिवशी मी इथे तेच सांगत होते."

मास्तरांनी मान वळवली.

"मी राहायला आले होते, बाबा. कायमची. ठरवून आले होते. एसटीत सगळा वेळ वाक्य पाठ करत होते, कसं सांगायचं ते. आणि तुम्ही ब्रेक दाबलात." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मला वाटलं, तिथे टीव्ही, इथे ब्रेक. मग मी तशीच परत गेले. कुठे जाणार होते?"

मास्तरांना ती जड बॅग आठवली. ती उचलताना खांदा दुखला होता. फाटकाशी जावई हसून म्हणाला होता, कशाला त्रास घेतलात. त्यांनी मागे वळून डिकीच्या दिशेने पाहिलं.

चिऊला ते कळलं बहुतेक. "हो, बॅग," ती म्हणाली. "माझे सगळे कपडे होते त्यात. सर्टिफिकेटं, बँकेचं, सगळं. तुम्ही ती त्याच्या हातात नेऊन दिलीत. त्याने माझ्यासमोर उघडली. एकेक वस्तू बाहेर काढून बघितली आणि कपाटात ठेवली आणि किल्ली स्वतःच्या खिशात घातली. बोलला काही नाही. टीव्ही लावला. दीड वर्ष लागलं मला ती किल्ली मिळवायला."

सिग्नल हिरवा झाला.

चिऊ स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडत होती. मागच्या गाडीने हॉर्न दिला, मग तिच्या मागच्याने, मग सगळ्यांनी मिळून. सिग्नलवर गाडी रेंगाळली की मास्तरांचा जीव खालीवर व्हायचा. हिरवा झाल्यावर झोपलात का, हे वाक्य त्यांनी अर्ध्या गावाला ऐकवलं असेल. आणि आत्ता त्यांच्या ओठांवर दुसरंच वाक्य होतं. चुकलं माझं, बाळा. चुकलं माझं. ते बाहेर पडायला धडपड करत होतं. त्यांनी ते धरून ठेवलं. ते तिचं झाल्यावर. आधी नाही.

त्यांनी काच खाली केली, हात बाहेर काढला आणि मागच्या गाड्यांना बाजूने जायची खूण केली. गाड्या शिव्या घालत शेजारून जायला लागल्या. मांडीतल्या पायांना मुंग्या आल्या होत्या. त्यांनी ते खाली सोडले नाहीत.

"आणि?" मास्तर म्हणाले.

चिऊने डोकं वर केलं, नाक पुसलं, बापाकडे बघितलं. सिग्नल पुन्हा लाल झाला होता. ती बोलायला लागली.